कमिशन बिल

विमा एजंटाचं घर महिन्याच्या महिन्याला एका कागदाची वाट बघतं. मुलांची फी, गाडीचं पेट्रोल, किराणा दुकानातली उधारी, सगळ्यांच्या तारखा त्याच्या तारखेला बांधलेल्या असतात. पूर्वी हा कागद शाखेच्या खिडकीतून हातात पडायचा. लांबलचक, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या, फिकट छपाई. आता तो पीडीएफ होऊन मोबाइलवर उतरतो. नाव मात्र जुनंच राहिलं आहे, कमिशन बिल.

त्याची ठेवण ठरलेली असते. वर एजंटाचं नाव आणि एजन्सी कोड. खाली ओळींवर ओळी: पॉलिसीचा क्रमांक, विमेदाराचं नाव, हप्त्याची तारीख, हप्त्याची रक्कम, कमिशन. तळाशी टीडीएस, ॲडव्हान्सची कपात आणि शेवटी हातात येणारी रक्कम. स्वभावाने बिल अबोल आहे. एजंट उन्हातान्हात किती हिंडला, कोणाच्या दारात किती वेळा चप्पल काढली, हे ते विचारत नाही. पण पॉलिसीचं जे काही बरंवाईट होतं, ते सगळं त्याला ठाऊक असतं आणि ते काहीही विसरत नाही.

सोलापुरातल्या एजंटाच्या बिलात अख्खं गाव भेटतं. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांची तेलुगू आडनावं, लिंगायत व्यापाऱ्यांची कानडी आडनावं, विजापूर वेशीतली मुसलमान कुटुंबं, रेल्वेतले नोकरदार, जिल्हा परिषदेचे मास्तर, चाटी गल्लीतले कापडवाले, पंढरपूर-मोहोळकडचे ऊसवाले. एजंट हा बहुतेक वेळा याच लोकांतला असतो. त्याची पहिली पॉलिसी मेहुण्याची, दुसरी मित्राची, तिसरी शेजाऱ्याची. त्यामुळे बिलातली प्रत्येक ओळ त्याच्यासाठी कुणाचा तरी चेहरा असते. मी गेली बरीच वर्षं एजंटांची प्राप्तिकर विवरणपत्रं भरतो. त्या निमित्ताने अशी पुष्कळ बिलं माझ्या टेबलावर येतात, आणि ती वाचताना मी आकड्यांच्या आधी नावं वाचतो.

बिलाच्या दोन बाजू आहेत, जमा आणि वजा. सोलापुरी जेकार्ड चादर उलटली की तीच नक्षी रंग बदलून समोर येते, तशा या दोन बाजू एकाच विणीच्या आहेत. जमा झालेली कोणतीही ओळ पुढे कधीतरी वजा होऊन दिसू शकते. नव्या एजंटाला हे कोणी सांगत नाही. त्याला फक्त जमेची बाजू दाखवतात.

ही वजा ओळ कशी जन्मते, ते एका उदाहरणाने बघू. समजा, अशोक चौकातल्या एका तरुणाने वर्षाला २४,००० रुपये हप्त्याची पॉलिसी घेतली. पहिल्या वर्षाचं कमिशन २८ टक्के धरलं तर ६,७२० रुपये झाले. त्यातून २ टक्के टीडीएस, म्हणजे १३४ रुपये ४० पैसे गेले. एजंटाच्या खात्यात ६,५८५ रुपये ६० पैसे आले आणि त्याच आठवड्यात खर्चही झाले. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याचा हक्क ग्राहकाला असतो. मुलाचे वडील म्हणाले, ‘आत्ता हे झेपायचं नाही.’ मुलाने पॉलिसी परत केली. कंपनीने मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा खर्च कापून त्याचे पैसे दिले. पुढच्या बिलात त्याच क्रमांकासमोर ६,७२० वजा. एजंट याला ‘रिकव्हरी आली’ म्हणतात. हल्ली ‘क्लॉबॅक’ हा शब्दही शाखांमधून ऐकू येतो.

रिकव्हरीची कारणं आणखीही असतात. ग्राहकाचा चेक वटत नाही. गाडी विकली म्हणून तिचा विमा मध्येच रद्द होतो. चुकीची माहिती देऊन पॉलिसी विकल्याची तक्रार सिद्ध होते आणि कंपनीला सगळा हप्ता परत करावा लागतो. काही कंपन्यांच्या करारात, ठरावीक महिन्यांच्या आत पॉलिसी बंद पडली तर दिलेलं कमिशन पूर्ण किंवा काही अंशी परत घेण्याचं कलम असतं.

या वजा ओळीवर माझा राग नाही. पहिल्या वर्षाचं मोठं कमिशन नुसतं सही आणल्याबद्दल मिळत नाही. पॉलिसी पंधरा-वीस वर्षं चालेल आणि तो माणूस अर्ध्या वाटेत उघडा पडणार नाही, या भरवशावर कंपनीने ते आगाऊ दिलेलं असतं. भरवसा फसला तर पैसे परत मागणं रास्त आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून पॉलिसी लवकर मोडणाऱ्या ग्राहकाला जास्त रक्कम परत देण्याचे नियम आले. त्याच सुमाराला एलआयसीने पहिल्या वर्षाचं कमिशन ३५ वरून २८ टक्क्यांवर आणलं, पुढच्या वर्षांचं ५ वरून साडेसात टक्क्यांवर नेलं आणि लवकर मोडलेल्या पॉलिसीचं कमिशन परत घेण्याची तरतूद आणली. एजंटांच्या संघटनांनी तिला देशभर विरोध केला. त्या विरोधामागची भीती समजण्यासारखी होती. पॉलिसी मोडते तेव्हा चूक एजंटाचीच असते असं नाही, आणि सोलापूरला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

इथे हप्त्याचं आयुष्य गिरणीच्या भोंग्याला आणि मागाच्या खडखडाटाला बांधलेलं होतं. १८७७ची जुनी मिल १९४९च्या ऑगस्टमध्ये बंद पडली, तेव्हा तिच्यासाठी दिल्लीला १९५०च्या जानेवारीत वटहुकूम आणि मग खास कायदा करावा लागला. त्या कायद्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. कायद्याच्या पुस्तकांत त्या निकालामुळे सोलापूरचं नाव आहे. पण गिरणी थांबते तेव्हा कामगाराच्या घरात सगळ्यात आधी थांबतात ते पुढच्या दिवसांसाठी बाजूला काढलेले पैसे. आजही यंत्रमागावर टॉवेलची मागणी पडली की आठवड्याचा पगार आटतो. विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते, आणि पानाचा पुरवठा कमी झाला की विड्याही कमी होतात. कुंभारीच्या विडी घरकुलात एजंट गेला की एखादी अक्का सरळ सांगते, ‘अण्णा, ह्या बारीला हप्ता जमायचा नाही बघा. पोरगीचं बाळंतपण आलंय.’ वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला सवलतीचे ३० दिवस असतात, मासिक हप्त्याला १५. ते संपले की पॉलिसी बंद. पाच वर्षांच्या आत ती पुन्हा चालू करता येते, पण तोवरचे सगळे हप्ते व्याजासकट भरावे लागतात. अक्काला ते जमत नाही. बिलाला बाळंतपण माहीत नसतं. ते पॉलिसी बंद झाल्याची तारीख लिहितं आणि पुढे सरकतं.

काही वजा ओळी मात्र एजंटाने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या असतात. ‘पहिल्या हप्त्यात काय सोडता?’ हा प्रश्न आपल्याकडे सर्रास विचारतात, आणि धंदा हातचा जाऊ नये म्हणून एजंट आपल्या कमिशनमधले पैसे ग्राहकाला देतो. १९३८च्या विमा कायद्याचं ४१वं कलम याला मनाई करतं. दंड दहा लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. पण दंड नाही झाला तरी बिल आपला हिशेब करतंच. वरच्या उदाहरणातल्या ६,७२० रुपयांपैकी ३,००० एजंटाने आधीच ग्राहकाच्या हातात ठेवले असतील, तर पॉलिसी मोडल्यावर बिल त्याच्याकडून ६,७२०च मागतं. सोडलेले तीन हजार त्याच्या घरच्या डब्यातून जातात. पहिल्याच हप्त्यात सूट मागणारा ग्राहक दुसऱ्या हप्त्याला पुष्कळदा सापडत नाही, हे जुने एजंट नव्यांना सांगतात ते उगाच नाही.

चालू एजन्सीत या वजा ओळी फारशा बोचत नाहीत. महिन्याला पंचवीस जमा ओळी असतील तर त्यांत दोन वजा बुडून जातात. तळाची रक्कम थोडी कमी येते इतकंच. बिलाचा खरा स्वभाव कळतो तो एजंट कंपनी बदलतो तेव्हा.

आयुर्विम्यात एका वेळी एकाच कंपनीचं एजंट होता येतं. दुसऱ्या कंपनीत जायचं तर राजीनामा द्यायचा, नेमणूक पत्र आणि ओळखपत्र परत करायचं. मग जुनी कंपनी १५ दिवसांत सेसेशन सर्टिफिकेट देते, म्हणजे हा आता आमचा एजंट राहिला नाही असा दाखला. विमा नियामकाच्या २०१६च्या नियमांप्रमाणे, त्या दाखल्याच्या तारखेपासून ९० दिवस झाल्याशिवाय नव्या कंपनीला त्याचा अर्ज विचारात घेता येत नाही. हे तीन महिने एजंट कुणाचाच नसतो. नवा धंदा लिहिता येत नाही, त्यामुळे जुन्या बिलात पहिल्या वर्षाच्या कमिशनची एकही नवी ओळ येत नाही. उलट शेवटच्या दोन-तीन महिन्यांत घाईघाईने केलेल्या पॉलिसी याच दिवसांत परत येतात, चेक याच दिवसांत वटत नाहीत, मासिक हप्ते याच दिवसांत थकतात. जमा आटलेली आणि वजा चालूच. तळाची रक्कम उणे होते. दहा-बारा वर्षं पैसे घेऊन येणारा कागद आता पैसे मागायला येतो. नोकरी सोडलेल्या माणसाला निदान शेवटचा पगार मिळतो. एजंटाच्या शेवटच्या महिन्यानंतरही त्याचं बिल चालू राहतं.

देशातल्या विमा एजंटांनी सगळ्यात मोठ्या संख्येने कंपनी बदलली ती मात्र स्वतःच्या इच्छेने नव्हे. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं आणि १ सप्टेंबरला २४५ विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह संस्था एका महामंडळात आल्या. १९१३ साली साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी उभी केलेली वेस्टर्न इंडियाही त्यांत होती. इतक्या सगळ्यांचे हिशेब एका छपराखाली आले तेव्हा कोणाचं काय चालू राहील आणि कोणाचे करार संपतील, हे कायद्यात लिहून ठेवावं लागलं. मुख्य एजंट आणि स्पेशल एजंट यांचे करार संपवले, पण त्यांच्या भरपाईचं कोष्टक कायद्यालाच जोडलं. त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. माणसाची कंपनी बदलते तेव्हा हिशेबाचे नियम आधी लिहिलेले हवेत.

पुढच्या वर्षांच्या कमिशनचं काय होतं, हा दुसरा प्रश्न. १९३८च्या कायद्यात ४४वं कलम घातलेलं होतं ते याचसाठी. फसवणूक सोडली तर केवळ एजन्सी संपली म्हणून कंपनीने एजंटाचं पुढचं कमिशन अडवू नये, असं ते म्हणायचं. पण अटी होत्या. पाच वर्षं एकाच कंपनीचं सलग काम आणि निदान ५०,००० रुपयांचा चालू विमा असेल तर पुढच्या हप्त्यांवर जास्तीत जास्त चार टक्के. दहा वर्षं झाली असतील तर जास्त मोकळीक, मात्र मग त्याने दुसऱ्या कुणासाठीही विमा गोळा करायचा नाही. आता हे बरंचसं करारावर आणि कंपनीच्या धोरणावर ठरतं. एलआयसीच्या नियमांत पाच वर्षं काम आणि दोन लाखांचा चालू विमा, किंवा दहा वर्षं काम, अशा कसोट्या आहेत. २०२३च्या सप्टेंबरपर्यंत, एलआयसी सोडून परत आलेल्या एजंटाला जुन्या एजन्सीतल्या पॉलिसींवरचं कमिशन मिळत नव्हतं. त्या महिन्यात केंद्र सरकारने ते देण्याला मंजुरी दिली. तोवर परत आलेला माणूस त्याच शाखेत बसायचा, त्याचेच जुने ग्राहक हप्ता भरायला समोरच्या खिडकीशी यायचे आणि त्याच्या बिलात त्यांची नावं नसायची.

एजंट गेल्यावर मागे राहिलेल्या पॉलिसींना या धंद्यात अनाथ पॉलिसी म्हणतात. त्या दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर सोपवायच्या असतात. पण ज्या पॉलिसीवर आपल्याला काही मिळायचं नाही तिच्यासाठी कुंभारीपर्यंत कोण जाईल? अक्काला हप्त्याची आठवण करायला जुना अण्णा येत नाही, नवा कोण ते तिला माहीत नाही. पॉलिसी बंद पडते. आणि ती बंद पडल्याची वजा ओळ कोणाच्या बिलात जाते? जो गेला त्याच्या. ज्याच्या हातातून सांभाळण्याचा अधिकार काढून घेतला, त्याच्याकडूनच न सांभाळल्याची किंमत मागायची, हा बिलाचा सगळ्यात मोठा अन्याय आहे. मला बोलायचं आहे ते याच्याबद्दल.

याच्या उलट वागणारे एजंटही असतात. नव्या कंपनीत गेल्यावर ते जुन्याच ग्राहकांच्या घरी जातात: ‘काका, ती पॉलिसी मोडा, ही त्याहून भारी आहे.’ नियम सांगतो की जुनी पॉलिसी मोडायला लावून तीन वर्षांच्या आत ग्राहकाला नवी विकायची नाही. इथे एजंटाच्या बिलात वजा ओळ येते ती योग्यच. पण खरा तोटा काकांचा होतो. नव्या पॉलिसीत त्यांचं वय वाढलेलं, त्यामुळे हप्ता जास्त. आजारांच्या अटी नव्याने सुरू. तीन वर्षं पूर्ण झालेल्या पॉलिसीवर कंपनी कोणत्याही कारणाने शंका घेऊ शकत नाही, ते कायद्याचं संरक्षणही पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. वजा ओळ या प्रकाराला आळा घालत असेल तर ती हवीच.

म्हणजे एकच वजा रक्कम कधी न्यायाची असते, कधी अन्यायाची. बिल नुसता आकडा देतं आणि आकड्यावरून हा फरक कळत नाही. फरक कळतो तो कारणाच्या रकान्यातून. कोणती पॉलिसी, कोणत्या तारखेला बंद पडली, कशामुळे, त्या दिवशी ती कोणाच्या सांभाळात होती आणि कराराच्या कोणत्या कलमाखाली ही वसुली आहे, एवढं लिहिलं तर भांडण निम्मं संपतं. बऱ्याच वेळा हा रकाना रिकामा असतो किंवा त्यात एखादा कोड असतो. वर्षभराने घरी पत्र येतं, ‘आपल्याकडून अमुक रक्कम येणे आहे’, आणि एजंटाकडे ते तपासायला काहीच नसतं, कारण राजीनाम्याच्या दिवशीच त्याचं पोर्टल बंद झालेलं असतं.

म्हणून जाणाऱ्या एजंटाला माझं सांगणं असतं की राजीनामा देण्याआधी निदान तीन वर्षांची बिलं उतरवून घ्या. करारातलं वसुलीचं कलम किती महिन्यांपर्यंत लागू आहे ते वाचा. शेवटच्या वर्षातल्या पॉलिसींची यादी करा आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवा, ती अजून तुमची झालेली नाही. अनाथ होणाऱ्या पॉलिसी कोणाकडे सोपवल्या ते शाखेकडून लेखी घ्या. नवा मॅनेजर ‘मागचं आम्ही बघतो’ म्हणाला तर तेही कागदावर घ्या. परत भरलेल्या रकमेची पावती जपा. ज्या कमिशनवर मागच्या वर्षी कर भरला ते परत गेलं असेल, तर ती रक्कम भरली त्या वर्षाच्या हिशेबात दाखवता येते. आणि जी वसुली खरी आहे ती भरून टाका. ती टाळली तर पुढच्या दारी तुमच्या आधी तीच पोचते.

कंपन्यांकडे मागणं याहून मोठं आहे. विमा लोकपालाचं दार ग्राहकासाठी आहे. एजंटाचं भांडण करारातलं, त्यामुळे त्याला कंपनीच्या पायऱ्या चढाव्या लागतात नाहीतर दिवाणी कोर्टाच्या. पाच-सात हजारांसाठी कोर्टात कोणी जात नाही. बलवान पक्षाने लिहिलेला आकडा तसाच राहतो. याला उपाय बिलातच आहे. सेसेशन सर्टिफिकेटसोबत एक शेवटचं कमिशन बिल द्यायचं, प्रत्येक वजा ओळीपुढे कारण लिहून. राजीनाम्यानंतर किती महिन्यांपर्यंत वसुली येऊ शकते त्याची तारीख त्यात छापायची, आणि पॉलिसी दुसऱ्याच्या सांभाळात गेल्यानंतर बंद पडली तर तिचा भार जुन्या एजंटावर टाकायचा नाही. हा नियम विमा नियामकाने केला पाहिजे.

हेच बिल जिव्हाळाही दाखवू शकतं, म्हणून इतक्या आग्रहाने हे मागावंसं वाटतं. एजंट वारला तरी त्याने लिहिलेल्या पॉलिसींवरचं कमिशन वारसांना मिळत राहावं, हे ४४व्या कलमातच लिहिलेलं होतं, आणि एलआयसीच्या नियमांत, सेवेच्या अटी पूर्ण झाल्या असतील तर, ते आजही आहे. सोलापुरात अशी घरं आहेत जिथे कर्ता माणूस जाऊन वर्षं झाली, पण त्याचं बिल बायकोच्या नावाने येतं आणि तिच्या औषधांचे पैसे त्यातून निघतात. मेलेल्या माणसाचे कष्ट जो कागद इतक्या इमानाने मोजतो, त्याला जिवंत माणूस फक्त कंपनी बदलून गेला म्हणून त्याच्याशी हिशेबात लबाडी करायला लावू नये. गेलेल्या एजंटाकडून खरं येणं असेल ते पै-पैशासकट मागावं, आणि त्याचं जे देणं असेल तेही तितक्याच काटेकोरपणे त्याच्या खात्यावर पोचवावं.